तासाला एकेचाळीस वेळा

आमच्या घरात झोपेवर बोलायचा हक्क फक्त माझा होता, कारण ती मला मिळत नव्हती.

नवरा घोरायचा. आता नवरे घोरतातच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण आमच्याकडचं घोरणं सव्वीस वर्षांचं होतं आणि शिस्तीचं होतं. उशीला डोकं टेकलं की तिसऱ्या मिनिटाला सुरू, पहाटे गजर वाजला की बंद. मध्ये खंड नाही, सूर बदलणं नाही. एखादं जड कपाट कोणीतरी फरशीवरून रात्रभर ओढतंय आणि ते काही केल्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचत नाही, असं. खालच्या मजल्यावरचे मास्तर एकदा जिन्यात भेटले आणि अगदी अदबीने म्हणाले, "काल तुमच्याकडे सुतार आले होते का हो?"

मी गणवेश शिवायच्या कारखान्यात कॉलर जोडते. दुपारी जेवणानंतर पाय मशीनवर आणि डोळे मिटलेले, असं माझं अनेकदा व्हायचं. एकदा एकाच शर्टाला दोन कॉलर जोडून मोकळी झाले. सुपरवायझरने तो शर्ट सगळ्यांना वर धरून दाखवला, पण मला ओरडली नाही. "नवरा घोरतो हिचा," ती म्हणाली. "बिचारी."

हा 'बिचारी' शब्द मला आवडायचा, खोटं कशाला बोलू. दूध उतू गेलं, नणंदेच्या घरी जायचा दिवस विसरले, लेकीवर उगाच खेकसले, सकाळी उठल्यापासून डोकं ठणकतंय, वजन वाढतंय, रक्तदाबाची गोळी सुरू झाली. सगळं मी त्याच्या नाकावर ढकलायचे. आणि तो ढकलू द्यायचा. त्यानेही उपाय करून पाहिले. उंच उशी घेतली, चपटी उशी घेतली. कोणीतरी सांगितलं कुशीवर झोपा, म्हणून मी त्याच्या बनियनच्या पाठीला कप्पा शिवून त्यात रबरी चेंडू घातला, म्हणजे उताणा झाला की टोचेल. तो चेंडूवर उताणा झोपला. सकाळी पाठीवर निळा गोल होता.

दिवसा मात्र तो वेगळा माणूस. लोखंडाच्या यार्डात क्रेन चालवायचा. नऊ मजले उंचीवर काचेची खोली, तिथे एकटा. घरात गुडघा धरून जिना चढणारा हा बुटका माणूस तिथे शिडीवरून सरसर वर जायचा, आणि वर बसून चाळीस टनांचा पत्र्याचा गठ्ठा असा खाली ठेवायचा की खालची धूळ हलू नये. खाली साखळ्या अडकवायला त्याचा जोडीदार असायचा. वीस वर्षं तोच. हाताच्या खुणा आणि तोंडाची शिट्टी, एवढ्यावर दोघांचं काम चालायचं, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणत. मी शिट्टीभावजी म्हणायचे.

मागच्या वर्षी दुसऱ्या कुठल्याशा यार्डात एका ऑपरेटरला वर बसल्या बसल्या झोप लागली आणि खालची दोन माणसं गेली. आमच्या कंपनीने लगेच फर्मान काढलं: पन्नाशीच्या वरच्या प्रत्येक क्रेनवाल्याने झोपेची तपासणी करून घ्यायची. एका संध्याकाळी नवरा हातात जोड्याच्या खोक्याएवढी पेटी घेऊन आला आणि ती जेवायच्या टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत बसला.

"ही काय भानगड?" मी विचारलं.

"पट्टा आहे. छातीला बांधायचा. ही नळी नाकाखाली, हा चिमटा बोटाला. रात्रभर झोपायचं आणि सकाळी कंपनीच्या दवाखान्यात परत द्यायचं. मशीन आतल्या आत सगळं टिपून ठेवतं."

"मग झोपा की. तेवढं तर तुम्हाला छान येतं."

"तेच तर." तो हसला नाही. "रात्रभर सुतारकाम चालतं म्हणून तूच जगाला सांगत फिरतेस. मशीनला काय वेगळं ऐकू येणार? खाली उतरवतील मला. कुठे बसवतील माहितीये? फाटकावर. गाड्यांचे नंबर लिहायला. निवृत्तीला चार वर्षं राहिलीयत गं माझी."

"पण खाली शिट्टीभावजी उभे असतात."

"वीस वर्षांत वर बसून माझी पापणी तरी जड झालीय का, विचार त्याला. मी रात्री घोरतो, दिवसा नाही. दिवसा पेंगतेस तू."

"कोणामुळे?"

"माझ्यामुळे," तो लगेच म्हणाला. मुद्द्यावर यायला त्याला तेवढीच वाट हवी होती. "म्हणूनच म्हणतो, पट्टा तू बांध. तू तर झोपतच नाहीस. तुझा कागद कोराच येणार."

मी जरा वेळ तोंडदेखलं नाही म्हटलं. पण खरं सांगायचं तर मला ते पटलं. त्या घरात आम्हा दोघांना एकच गोष्ट पक्की ठाऊक होती: झोपेचा आजार त्याला आहे, मला फक्त त्याचा त्रास आहे. याच्यावर कधी भांडणसुद्धा झालं नव्हतं, इतकं ते पक्कं होतं. शिट्टीभावजींचा विचार मनात आला, नाही असं नाही. मी तो टेबलावरच ठेवला आणि उठले.

त्याने स्वतः पट्टा बांधला. माझ्या मापाला तो पुरेना, तर टोकं सोडून, सैल करून, पुन्हा बांधला. "श्वास घे," म्हणाला. "आता सोड. टोचतंय कुठे?" इतक्या काळजीने त्याने माझ्या पाठीमागे उभं राहून काही केल्याला जमाना लोटला होता. मग आपली उशी उचलून तो बाहेरच्या खोलीत गेला, दार लावून घेतलं आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला, आवाज आत येऊ नये म्हणून.

सकाळी त्याने विचारलं, "लागली झोप?"

"मस्त," मी म्हणाले. आणि मला खरंच तसं वाटलं होतं. डोकं ठणकत होतं, तोंडाला कोरड होती, पण ते रोजचंच.

चौथ्या दिवशी तो दुपारीच घरी आला. माझी त्या दिवशी सुट्टी होती. डबा न उघडताच परत आणला होता. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला, टेबलावर उलगडला, तळहाताने दोनदा सपाट केला.

"तासाला एकेचाळीस वेळा," तो म्हणाला.

"काय?"

"श्वास थांबतो. तासाला एकेचाळीस वेळा. सगळ्यात लांबचा बावन्न सेकंद. त्यांनी मला तिथल्या तिथे खाली उतरवलं. शिडीला हात लावू दिला नाही. वर माझा चष्मा राहिला होता, तोही दुसऱ्याने आणून दिला."

कागदावर त्याचं नाव, त्याचं वय, त्याचं वजन. खाली जाड अक्षरात 'तीव्र'. मला आधी हसूच आलं. "मशीन बिघडलं असेल."

"दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः दोनदा बघितलं."

"पट्टा सैल होता."

"मी बांधला होता." त्याचा आवाज चढला. "हे तुझं आहे. हे सगळं तुझं आहे! सव्वीस वर्षं माझ्या नाकाला नावं ठेवलीस. पाहुण्यांसमोर, मुलीसमोर, त्या खालच्या मास्तरासमोर. त्या रात्री मी कुठे होतो? बाहेर होतो ना? दार लावून होतो ना? मग तुला कोणी झोपू दिलं नाही?"

माझ्याकडे दागिना म्हणावा असा तो एक 'बिचारी' होता. तो त्याने एका दुपारी गळ्यातून काढून घेतला, आणि बदल्यात दिला एक आजार. तोही त्याच्या नावावर.

खरं सांगायची सोय नव्हती. पट्टा बदलला हे कळलं असतं तर फाटकसुद्धा मिळालं नसतं, घरीच बसवलं असतं. म्हणून आम्ही दोघांनी तोंडं शिवली, आणि मग घरात जे सुरू झालं ते मी कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

लेक औषधांच्या दुकानात काम करते. तिने कागद वाचला, मटकन खाली बसली आणि बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. "बाबा, तुम्ही झोपेत गेला असता!" दुसऱ्या दिवसापासून तिने त्याचा ताबा घेतला. तळलेलं बंद, रात्रीचा भात बंद, संध्याकाळी चालणं सुरू. रक्तदाब सकाळ-संध्याकाळ मोजायची. तो अगदी उत्तम भरायचा. रात्री त्याच्या डोक्याला तेल लावून द्यायची आणि मला दारातून बजावायची, "आई, त्यांच्यावर ओरडू नकोस हं. चिडचिड होते ना, ती या आजाराचीच असते. विसरभोळेपणासुद्धा."

"असं का," मी म्हणायचे.

नणंद आली, भावाचा हात हातात धरून बसली. "दिवसभर डोकं जड राहत असेल ना रे?" तिने विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "राहतं," तो म्हणाला.

शिट्टीभावजी फळं घेऊन आले. पिशवी माझ्या हातात देताना त्यांचे डोळे भरले होते. "वहिनी, तुम्ही रात्र रात्र जाग्या होतात म्हणून हा आज आहे. तुमचे उपकार कसे फेडू?" मी पिशवी घेऊन आत गेले ती बाहेर आलेच नाही. माझ्या आजारासाठी आलेली सफरचंदं कापून मी नवऱ्याला बशीत दिली. त्याने ती खाल्ली. एक फोड माझ्यापुढे केली होती, तेवढं कबूल करायला हवं.

महिन्याभराने कंपनीने त्याला मशीन दिलं. लहानसा खोका, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मुखवटा. रात्रभर हवा आत ढकलत राहतं, म्हणजे घसा मिटत नाही आणि श्वास अडत नाही. सोबत माहितीपत्रक होतं. ते मी दुपारी एकटीने वाचलं. उपचार केला नाही तर काय काय होतं, त्याची यादी होती: हृदय, मेंदू, अर्धं अंग. 'प्रिय रुग्ण' अशी सुरुवात होती. मला कोणी बऱ्याच दिवसांत प्रिय म्हटलं नव्हतं, म्हणून दोनदा वाचलं.

रात्री त्याने मशीन माझ्या बाजूला ठेवलं. "घाल."

"मी?"

"आत कार्ड आहे. कोण किती तास झोपलं ते त्यावर चढतं आणि दवाखान्यात दिसतं. तीन महिने रोज नीट वापरलं तर मला एक रात्र तिथे झोपवून बघणार आणि वर चढवणार. मला कशाला ते, मी ठणठणीत आहे. तू घाल. म्हणजे माझंही होईल."

'म्हणजे तू बरी होशील' असं तो म्हणाला नाही. पण मुखवट्याचे पट्टे त्याने माझ्या डोक्यामागे बसवले आणि त्यात अडकलेले केस हलकेच सोडवले.

पहिल्या सकाळी मी उठले आणि घाबरले. डोकं कुठे गेलं असं वाटलं. रोजचं ते ठणकणारं डोकं नव्हतंच. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत पिवळी होती. ती कधीपासून पिवळी होती कोण जाणे. चहा करताना मी गुणगुणत होते, ते लेकीने ऐकलं आणि ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, जणू घरात कोणी अनोळखी बाई शिरलीय.

मग रोजच तसं होऊ लागलं. कारखान्यात दुपारी जेवणानंतर मी जागी. सुपरवायझर दोनदा येऊन बघून गेली. बारीकसारीक गोष्टी लक्षात राहू लागल्या. रागच येईना. नवरा शेजारी तसाच घोरायचा, तेच कपाट, तीच फरशी, आणि मला ऐकूसुद्धा यायचं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा वाईट वाटलं, खरं वाईट. लेक शाळेत असताना तिच्यावर मी हात उगारायचे. बाळंतपणानंतरची ती दोन वर्षं, ज्यातलं मला काही आठवत नाही. दुसरं मूल नको म्हणून मीच हट्ट धरला होता, अंगात बळ नाही म्हणून. ही सगळी बाई मी नव्हतेच की काय? आणि हे विचारायचं कोणाला? सव्वीस वर्षं मी त्याचा प्रत्येक श्वास ऐकत होते असं समजत होते. माझा तर त्याने एकदाही ऐकला नव्हता. त्याला गाढ झोप लागायची ना.

तीन महिने झाले. कार्डावर एकही रात्र चुकलेली नव्हती. त्याला कंपनीच्या दवाखान्यात एक रात्र मशीनशिवाय झोपवलं. तो घोरला, सगळा मजला जागा ठेवला म्हणे, पण श्वास तासाला तीनदा अडला, म्हणजे कोणाचाही अडतो तेवढाच. लेकीच्या जाचाने सहा किलो उतरलाही होता. डॉक्टरीणबाई कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. "इतका फरक मी पाहिलेला नाही," म्हणाल्या. पण सहा किलो समोर दिसत होते. त्यांनी सही केली.

तो वर चढला. आणि कंपनीने मशीन परत मागवलं. आणखी चार ऑपरेटर रांगेत होते.

"मला माझ्या नावाने तपासून घेऊ द्या," मी म्हणाले. "त्याच दवाखान्यात घरच्यांचंही बघतात."

"वेड लागलंय का तुला? तीच डॉक्टरीण. माझा जुना कागद तिच्यासमोर. त्यावर एकेचाळीस, तुझ्यावरही एकेचाळीस. ती काय दुधखुळी आहे?"

"मग बाहेर कुठेतरी."

"बाहेर ते मशीन आपल्याला झेपतं का? चार वर्षं थांब गं. निवृत्त झालो की पहिलं काम तेच. इतकी वर्षं काढलीस ना?"

"काढली, कारण मला माहीत नव्हतं."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आत्ताच वर चढलोय. मला खाली नको ओढूस."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून आले तेव्हा माझ्या उशीजवळची जागा रिकामी होती. त्याने ती फडक्याने पुसूनही ठेवली होती.

डोकं तिसऱ्या दिवशी परत आलं. आठवड्याभरात भिंत पुन्हा नुसती भिंत झाली. फरक एवढाच की आता मला कळत होतं. आधी मी चिखलात राहत होते आणि त्यालाच जमीन समजत होते. आता रोज रात्री कोणीतरी मला उचलून त्यात ठेवतंय हे दिसत होतं. महिन्याभराने मशीनची सुई माझ्या तर्जनीतून आरपार गेली. नख फोडून बाहेर आली. सुपरवायझरने चिंधी बांधली आणि बाकीच्यांना म्हणाली, "नवरा घोरतो ना हिचा." मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याच आठवड्यात रस्ता ओलांडायला उभी होते, आणि पुढचं आठवतं ते हे की मी रस्त्याच्या मधोमध आहे आणि एक ट्रकवाला खाली उतरून मला विचारतोय, "काकू, मरायचंय का?" मी घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं. त्याने माझं बोट हातात घेऊन बघितलं, फुंकर घातली, आणि म्हणाला, "रस्त्यात जरा जपून जात जा."

पाचव्या आठवड्यात कंपनीचा सुरक्षेचा कार्यक्रम होता. घरच्यांनाही बोलावणं होतं. मोठं सभागृह, मऊ खुर्च्या, पंखे, दुपारची वेळ. दवाखान्याने आग्रह धरला होता की आजारातून उठून पुन्हा क्रेनवर चढलेल्या ऑपरेटरने चार शब्द बोलावेत, म्हणजे बाकीचे तपासणीला घाबरणार नाहीत. नवऱ्याने आठ दिवस तालीम केली होती. मी दुसऱ्या रांगेत, शेजारी शिट्टीभावजी नवा शर्ट घालून.

"मित्रांनो," नवरा मंचावरून म्हणाला, "रिपोर्ट आला तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली." इथे त्याने थांबून सगळीकडे पाहिलं. तालमीत असंच ठरलं होतं. "पण मनाशी पक्कं केलं. मशीन एक रात्रही चुकवलं नाही. शेवटी इच्छाशक्ती लागते, आणि घरच्यांची साथ—"

साथ. तिथपर्यंत मला आठवतं.

जाग आली ती हसण्याने. मोठ्या, शेकडो माणसांच्या हसण्याने. मान मागे पडली होती, तोंड उघडं होतं, हनुवटीवर ओल होती. शिट्टीभावजी मला खांद्याला धरून हलवत होते, पण ते हसत नव्हते. आणि माझ्यापुढे, दोन रांगांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, डॉक्टरीणबाई वाकून उभ्या होत्या. त्यांच्या एका हातात माझं मनगट होतं आणि नजर घड्याळावर.

मंचावर नवऱ्याने वेळ मारून नेली. "ही माझी बायको," तो माइकमध्ये म्हणाला. "सव्वीस वर्षं माझ्या घोरण्याने जागी आहे बिचारी. आज जरा निवांत वेळ मिळाला तर झोपली. झोपू द्या हो तिला!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी 'वा' म्हटलं. माझ्याकडून काढून घेतलेला तो 'बिचारी' त्याने सगळ्यांसमोर मला परत देऊ केला होता. घे, घाल गळ्यात, आणि गप्प बस.

डॉक्टरीणबाई त्या टाळ्यांच्या आवाजात माझ्या कानाशी बोलल्या. "चार मिनिटं मोजतेय मी, ताई. तीनदा श्वास थांबला तुमचा. तुम्ही घोरता, मग एकदम शांत होता. लोक त्या घोरण्याला हसत होते." मनगट त्यांनी सोडलं नव्हतं. "मला एकच सांगा. तो पहिला पट्टा कोणाच्या छातीला होता?"

मी मंचाकडे पाहिलं. टाळ्या ओसरल्या होत्या. नवऱ्याला बाईंचं बोलणं ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण त्या काय विचारतायत ते त्याला कळलं होतं. माइकचा दांडा त्याने दोन्ही हातांनी धरला होता. मी वाट पाहिली. त्याने बोलावं म्हणून नाही. नुसती मान तरी हलवावी, हो किंवा नाही. त्याने खिशातून भाषणाचा कागद काढला आणि कुठपर्यंत आलो होतो ते शोधू लागला.

"माझ्या," मी म्हणाले. "माझ्या छातीला होता."

माझ्या खांद्यावरचा शिट्टीभावजींचा हात सुटला.

ते दोन दिवसांनी घरी आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. नवरा आतून बाहेर आला, म्हणाला, "माझं सगळं ठीक होतं रे. पुढे तपासलंच ना. तुला कधीच काही झालं नसतं."

"ते आज माहीत आहे," शिट्टीभावजी म्हणाले. "पट्टा बांधला त्या दिवशी माहीत होतं का?" मग माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमचा कागद कोरा आला असता, तर तुम्ही मला सांगितलं असतं?"

मी खोटं बोलले नाही. मी काहीच बोलले नाही. त्यांनी चपला घातल्या, आणि पुढच्या सोमवारी दुसऱ्या यार्डात बदली मागून घेतली.

नवऱ्याला घरी बसवलं नाही, एवढी दया झाली; डॉक्टरीणबाईंनी शब्द टाकला असं नंतर कळलं. निवृत्तीपर्यंत फाटक. सकाळी डबा घेऊन जातो, गाड्यांचे नंबर लिहितो. तिथून त्याची क्रेन दिसते. वर आता बत्तीस वर्षांचा एक जण बसतो. लेक महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही. बापाशी तर अजून बोलत नाही. एकदाच मला म्हणाली, "मी त्यांच्या डोक्याला तेल लावत होते, आई, आणि तू दारात उभी राहून बघत होतीस."

माझ्या नावाची तपासणी झाली. तासाला चव्वेचाळीस. माझ्या नावाचं मशीन आलं. मुखवट्याचे पट्टे मी आता स्वतः बसवते. आरशात बघून जमतं, केस जरा तुटतात.

परवा सकाळी तो टेबलाशी बसला होता. मी डबा भरत होते. बऱ्याच दिवसांनी तो आपण होऊन बोलला, रागाने नाही, खरंच कळत नाही अशा आवाजात.

"चार वर्षंच होती. एवढं काय असतं गं त्या झोपेत?"

मी डब्याचं झाकण हातात धरून उभी राहिले. पिवळी भिंत सांगावी, सुई सांगावी, ट्रकवाला सांगावा, दुसरं मूल सांगावं असं मनात आलं. पण उशीला डोकं टेकताच ज्याला ती जन्मभर मिळत आली, त्याला हे कुठून सुरू करून सांगायचं?

"काही नाही," मी म्हणाले. "सकाळ होते."

त्याने डबा उचलला, गुडघा धरून उठला आणि फाटकावर गेला.